चौथ्या मजल्यावरच्या कोर्वालानबाई

कोर्वालानबाईंवरचा राग मी बावीस वर्षे लिफ्टच्या दारावर काढला. आमच्या इमारतीची लिफ्ट जुनी आहे. तिला आत एक आणि बाहेर एक अशी दोन जाळीची दारे आहेत. त्यांतले एक जरी शेवटपर्यंत ओढून लावले नाही, तर लिफ्ट आहे त्या मजल्यावर उभी राहते, कोणी कितीही बटण दाबो. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, बाई चौथ्यावर बसतात. घरी आलो की मी बाहेरचे दार ओढायचो, पण शेवटचे बोटभर सोडून द्यायचो. मग वरून बटण दाबल्याचा आवाज यायचा. थोडा वेळ काही नाही. पुन्हा बटण. आणि मग जिन्यावर बाईंचे चपट्या टाचांचे बूट. त्या तिसऱ्या मजल्यावर यायच्या, दार खाडकन लावायच्या आणि खाली जायच्या. मी माझ्या दाराआड उभा राहून ऐकायचो. रोज नाही. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. हे सांगायला लाज वाटते, पण ते वगळून पुढचे सांगता येणार नाही.

खाली जाणे बाईंना चुकत नसे. रस्त्याकडचे दार आमच्याकडे सदैव कुलपात असते, आतूनही आणि बाहेरूनही, आणि किल्ल्या फक्त घरमालकांकडे. पाहुणा आला की उतरायचे, गेला की उतरायचे. बाईंचा पाहुणा तासाला बदलतो. एकाला सोडायला उतरायचे आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्याला घेऊन चढायचे, दिवसातून आठ-नऊ वेळा. किल्ल्या दोऱ्याच्या रिकाम्या लाकडी रिळाला बांधलेल्या. ते रीळ मुठीत धरून त्या रडवेल्या माणसाच्या एक पाऊल पुढे चालत. एकदा खालच्या दालनात एक चांगला धिप्पाड गृहस्थ हुंदके देत उभा होता. बाईंनी कुलूप उघडले आणि म्हणाल्या, "तोंड पुसून घ्या, बाहेर वारा आहे." त्याच्या गालाला गाल लावला, जसा आमच्याकडे निरोप घेताना सगळेच लावतात, आणि पुढच्याला आत घेतले.

उंच, हाडकुळ्या, बारा महिने करडा स्वेटर. दारावर पितळी पाटी: आयदे कोर्वालान, मानसोपचार, व्यक्ती आणि जोडपी. ग्वेमेस चौकाच्या आसपास अशा पाट्या इतक्या आहेत की नळदुरुस्तीवाला शोधायला लांब जावे लागते. फेब्रुवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, हे सगळे एकदम सुट्टीवर जातात, आणि मग चौकातल्या बाकांवर त्यांची माणसे सुटलेल्या मेंढरांसारखी बसलेली दिसतात. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात बाई रोज अकराला एक कॉफी आणि दोन मेदियालुना, म्हणजे चंद्रकोरीसारखे गोड पाव, घेत. शेजारच्या टेबलावर स्वतःचा पेशंट बसला असला तरी त्याच्याकडे पाहत नसत. पेशंट मात्र पाहत. एकाने त्यांना बघून खुर्चीच बदलली, आणि पाठ करून बसल्यावर त्याला घास गिळवेना.

त्यांची माहिती मला एदुविहेस मावशीकडून मिळाली. तिसऱ्या मजल्यावरचे घर मूळचे मावशीचे. नेलिदा, म्हणजे माझी तेव्हाची बायको, आणि मी रविवारी तिच्याकडे जेवायला जायचो. मावशीला इमारतीतले सगळे ठाऊक असायचे, आणि नसले तर ती ते ठरवायची.

"कातामार्काची आहे," मावशी म्हणाली. "बाप स्टेशनमास्तर. गाडी किती मिनिटं थांबणार, त्यावर यांच्याकडे सूप वाढायचं की नाही ते ठरायचं. म्हणून ती अशी घड्याळाची."

"नवरा?" नेलिदाने विचारले.

"होता. दातांचा डॉक्टर. सोडून गेला. जगाचे संसार शिवते आणि स्वतःचं उसवलेलं." मावशीने पावाने ताट पुसले. "पण एक सांगते. लष्कराचं राज्य होतं त्या वर्षांत तिच्या खोलीची दोनदा झडती झाली. वह्या नेल्या. सगळ्या कोऱ्या. तिनं कुणाचं नावच कधी लिहिलं नव्हतं. सगळं डोक्यात. म्हणजे बाई वाईट आहे, पण फुटणारी नाही."

नेलिदाने त्याच आठवड्यात पाटीवरचा नंबर उतरवून घेतला.

आमच्यात भांडण असे नव्हते. तेच नेलिदाचे म्हणणे होते. मी चष्म्याच्या काचा घासायचो, दिवसभर यंत्राच्या घरघरीत, आणि घरी आल्यावर मला शांत बसावेसे वाटे. नेलिदा कापडाच्या दुकानात होती. तिथे ती दिवसभर बोलायची आणि घरीही बोलायची. मी ऐकायचो, म्हणजे मला तसे वाटायचे. ती मैत्रिणींना सांगायची, "एवारिस्तोशी लग्न म्हणजे बंद रेडिओसमोर पाट मांडून बसणं. बरं, विकावा तर कोणी घेत नाही."

सहा-सात महिने आम्ही दर गुरुवारी सहाला जात होतो. दोन खुर्च्या, एकमेकींकडे तिरक्या. बाई समोर. बाई फार थोडे बोलायच्या आणि जे बोलायच्या ते मला टोचायचे. एकदा मी म्हणालो की मी मावशीसाठी म्हणून येतो, नाहीतर... तर त्या म्हणाल्या, "मावशी तिसऱ्या मजल्यावर आहेत. तुम्ही चौथ्यावर आलात." एवढेच. नेलिदा हसली. ती हसली याचा मला फार राग आला होता.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी आमच्याकडे भाजीवाल्यालाही माहीत असते. अशा बाईंकडे तास घड्याळावर संपतोच असे नाही. तुम्ही बोलता बोलता काही खरे बोलून गेलात, की त्या तिथेच "आज इथे थांबू या" म्हणतात आणि उठतात. ते शेवटचे वाक्य मग तुम्ही घरी न्यायचे, उशाशी घेऊन झोपायचे. लोक एकमेकांना विचारतात, "कुठे थांबवलं तुला?" जसे दुसरीकडे विचारतात, डॉक्टर काय म्हणाले.

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात, थंडी सुरू झालेली असताना, एका गुरुवारी नेलिदा म्हणाली, "मला कधी कधी वाटतं, मी एकटी असते तर मला इतकं एकटं वाटलं नसतं."

बाईंनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी जमिनीवरच्या लाकडी पट्ट्या पाहत होतो. आणि बाई म्हणाल्या, "आज इथे थांबू या."

तास व्हायला बराच वेळ होता. आम्ही जिन्याने उतरलो. पुढे बाई रीळ घेऊन, मध्ये नेलिदा, मागे मी. कोणी काही बोलले नाही. बाहेर एक मफलरवाला माणूस पाय आपटत उभा होता, त्याला बाईंनी आत घेतले. बसमध्येही आम्ही बोललो नाही. दोन आठवड्यांनी नेलिदा रोसारिओला बहिणीकडे गेली, आणि मग तिची खोकी गेली. मी असे धरून चाललो की बाईंनी निकाल दिला. नेलिदाने एक वाक्य बोलून पाहिले होते, तसे माणूस काहीही बोलतो, आणि बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढली. एक वाक्य तसेच पुढे जाऊ दिले असते, तर नेलिदा पुढे काहीतरी बोलली असती. ती नेहमीच पुढे काहीतरी बोलायची.

त्याच वर्षी मावशी गेली आणि घर मला ठेवून गेली. दुसरे घर नव्हते म्हणून मी आलो, असे मी सगळ्यांना सांगितले. माझ्या डोक्यावर आता बाईंची खोली होती. बोलणे ऐकू येत नसे. फक्त शेवटी खुर्च्या सरकल्याचा आवाज. तो आला की मी घड्याळ पाही. कधी पन्नास मिनिटे, कधी तीस. तीस झाली की मला वाटे, आणखी एक संसार गेला. बाई लिफ्टमध्ये भेटल्या तर "शुभ दिवस" म्हणायच्या. मी मान हलवायचो. बावीस वर्षांत एवढेच. आणि दार.

या वर्षीच्या जून महिन्यात सहाव्या मजल्यावरच्या पिएरिनाबाई माझ्याकडे पास्ताफ्रोला घेऊन आल्या. आमच्याकडे कोणी न मागता असा मुरंबा भरलेला केक घरी आणून दिला, तर त्यात काहीतरी काम भरलेले असते. पिएरिनाबाई ऐंशीच्या पुढच्या, मांडीच्या हाडात खिळे, आणि आवाज मात्र कारखान्याच्या भोंग्याचा.

"एवारिस्तो, राजा," त्या बसत म्हणाल्या, "त्या चेटकिणीला आपण घालवतोय."

"कोणाला?"

"तुला ठाऊक आहे कोणाला. सोमवारी सभा आहे. नियम बदलायचा. ही राहती इमारत आहे, दवाखाना नाही. दिवसभर परके लोक, रडके लोक. आणि लिफ्ट. लिफ्टचं दार. तिचे ते वेडे दार उघडं टाकून जातात आणि मी वर अडकते नाहीतर खाली. मार्चमध्ये मी सहा मजले चढले, या हाडानं. मध्ये दोनदा बसले. पायरीवर. भिकारणीसारखी."

मी चहाची किटली भरायला उठलो, कारण मला तोंड दुसरीकडे वळवायचे होते.

"बारा घरं. आठ मतं लागतात," त्या पाठीमागून म्हणाल्या. "सात झाली. आठवं तुझं. मी म्हटलं, त्याला सांगायला नको, त्याच्याइतकं कारण कुणाला आहे? तुझा संसार खाल्ला तिनं."

"त्या जातील कुठे?"

"मला काय करायचंय? शहात्तर वर्षांची आहे, घरी बसावं. नाहीतर दुसरी इमारत शोधावी आणि तिथल्यांना रडवावं. तिचे लोक चाळीस-चाळीस वर्षांचे जुने आहेत म्हणे. त्यांनाही सुटका." त्यांनी पास्ताफ्रोलाचा मोठा तुकडा कापून माझ्यापुढे ठेवला. "फक्त हात वर करायचा, राजा. बोलायचं काही नाही. तुला ते बरं."

त्या गेल्यावर मी तो तुकडा खाल्ला, आणि चांगला लागला. खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला होता. बाई खोके घेऊन उतरताना डोळ्यांपुढे दिसत होत्या. फक्त ते लिफ्टच्या तक्रारीचे मनात राहिले. तक्रारीतले दार माझे होते.

दुसऱ्या दिवशी मी सिरिलोकडे गेलो. सिरिलो आमचा इमारतीचा राखणदार, तीस वर्षांचा जुना, गच्चीवरच्या खोलीत राहतो. सकाळी तळघरात बॉयलरपाशी त्याचा माते चालू असतो, म्हणजे पोकळ भोपळ्यातून नळीने ओढायचा कडू चहा. त्याने थर्मासमधून पाणी ओतून भोपळा माझ्या हातात दिला.

"सिरिलो, ते लिफ्टचं दार..."

"साहेब," तो म्हणाला, "मी झाडू मारतो, आंधळा नाही."

मी नळी तोंडात धरून बसलो.

"मी काही बोललो नाही कुणाला. मला वाटलं, म्हातारपणी माणसाला काहीतरी छंद हवा." त्याने भोपळा परत घेतला. "पण ते लिफ्ट बंद म्हणून ओरडतात ना, त्यांनी खरी बंद लिफ्ट पाहिलेली नाही. सत्त्याण्णवच्या मे महिन्यात मोटर उचलून नेली होती. तीन आठवडे. माझी थोरली तेव्हाच झाली. बायकोला कळा, आणि मी आणि माझा मेव्हणा तिला खुर्चीवर बसवून गच्चीपासून खाली आणतोय. ती प्रत्येक मजल्यावर माझ्या आईला शिव्या देत होती. माझी आई सांतियागोला, बिचारी, तिचा काय संबंध."

"मे महिन्यात?"

"हो. सगळ्यांचे हाल. फक्त वरच्या बाईंनी हिशेब बसवला. जिन्याला वेळ लागतो, खालचा माणूस थंडीत ताटकळतो, म्हणून त्या आतल्याला दहा-दहा मिनिटं आधी उठवायच्या." तो हसायला लागला. "आणि साहेब, गंमत सांगू? मी तेव्हा जिना पुसत असायचो. त्या तीन आठवड्यांत जो तो असा उतरायचा की आपण वर काहीतरी जबरदस्त बोलून आलो. एक जण तर पायरीवर बसून वहीत लिहीत होता. बाईला जिना उतरायचा होता, बस."

आम्ही जिन्याने उतरलो होतो. मला ते बावीस वर्षे आठवत होते, पण त्याचा अर्थ मी वेगळा लावला होता. मला वाटले होते, त्या छोट्या पिंजऱ्यात तिघांनी चिकटून उभे राहणे बाईंना नको होते, इतके काहीतरी झाले होते वर.

तीन दिवस मी हे एकट्याने चघळले. शुक्रवारी संध्याकाळी पाचला दहा कमी असताना एक मजला चढलो आणि बेल दाबली. बाईंनी दार उघडले. बोटात चष्मा, करडा स्वेटर.

"एवारिस्तो. माझे पाचचे लोक येतील आता."

"एकच विचारायचं होतं. सत्त्याण्णव साली, मेमध्ये, एका गुरुवारी तुम्ही आम्हाला लवकर उठवलं. नेलिदा काहीतरी म्हणाली आणि तुम्ही..."

"तो तास तुमच्या एकट्याचा नव्हता," बाई म्हणाल्या. "नेलिदाचाही होता. दोघं या. मग बोलू."

"ती रोसारिओला असते. तिचं दुसरं लग्न होऊन पंधरा वर्षं झाली."

"मग नाही बोलता येणार."

"लिफ्ट बंद होती म्हणून उठवलं का, एवढंच सांगा. हो की नाही."

"लिफ्टचं सिरिलोला विचारा."

माझे कान तापले. इतक्या वर्षांनी मी तोंड उघडले होते आणि समोर तीच भिंत. मग मी ते बोललो. "सोमवारी सभा आहे. माझ्या मतावर अडलंय. तुम्हाला माहीत असेल."

त्यांनी चष्मा घातला आणि माझ्याकडे पाहिले. "म्हणजे मी सांगितलं तर तुम्ही मला ठेवणार, आणि नाही सांगितलं तर काढणार."

"असं नाही. म्हणजे... हो."

"असं काही मागायला तुम्हाला तेव्हा त्या खोलीत जमलं असतं," त्या म्हणाल्या, "तर बरं झालं असतं."

खालची बेल वाजली. बाईंनी खिळ्यावरचे रीळ काढले. "इथे थांबू या," त्या म्हणाल्या, आणि बाहेर येऊन माझ्या नाकासमोर दार ओढून घेतले. हसल्या का, ते मी पाहिले नाही. हसल्या नसाव्यात, त्या हसत नाहीत.

त्यांनी लिफ्टचे बटण दाबले. लिफ्ट आली नाही. पुन्हा दाबले. मग त्या मान वळवून माझ्याकडे पाहत राहिल्या. थोड्या वेळापूर्वी बाहेरून आलो तेव्हा मी नेहमीच्या हाताने शेवटचे बोटभर सोडले होते. आम्ही दोघे जिन्याने तिसऱ्यावर उतरलो, त्या पुढे, मी मागे. त्यांनी दार उघडले, आत गेल्या, खाडकन लावले आणि खाली गेल्या. मी घरात शिरलो आणि किती तरी वेळ स्वयंपाकघरात उभा राहिलो. तेव्हा मी नक्की केले होते की हात वर करायचा.

रविवारी नेलिदाला फोन केला. नंबर तिच्या बहिणीकडून घेतला. नेलिदाचा आवाज जाड झाला होता, पण तीच.

"कोण?"

"मी. एवारिस्तो."

"कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं."

"मग तू फोन कसा केलास?"

मी सगळे सांगितले. लिफ्ट, मोटर, दहा मिनिटे. सांगताना मला वाटत होते की मी तिला केवढी तरी गोष्ट देतो आहे. बाईंनी लाल रेघ ओढलीच नव्हती. निकाल नव्हताच. नेलिदा मध्ये बोलली नाही. हे नवीन होते.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"लिफ्ट बंद होती ते. खाली दारावर कागद लावला होता, हा एवढा. तू वाचला नाहीस? आपण चार मजले चढून गेलो, एवारिस्तो. तुला काय वाटलं, व्यायाम?"

"मग तुला ते... त्यांनी थांबवलं ते..."

"मला वाटलंच, लिफ्टमुळे उठवतेय. ती बाई मलाही काही आवडायची नाही. तो स्वेटर. मी काय तिच्यामुळे गेले?" पलीकडे कोणीतरी भांडी ठेवत होते. "मी वर ते वाक्य बोलले. आणि मग जिना होता. मी पायऱ्या मोजत होते. म्हटलं, तिसऱ्यावर बोलेल. म्हटलं, मावशीचं दार येतंय, तिथे तरी बोलेल. दुसऱ्यावर. पहिल्यावर. काहीही चाललं असतं. 'जपून, पायरी ओली आहे' म्हणाला असतास तरी मी घरी आले असते. सिरिलोनं पुसली होती, ओली होती."

मी काही बोललो नाही.

"बघ," नेलिदा म्हणाली. पण रागाने नाही. मग ती म्हणाली की तिच्याकडे नवऱ्याची नातवंडे जेवायला आली आहेत, आणि तब्येतीला जप.

सोमवारी संध्याकाळी सातला खालच्या दालनात सभा होती. घडीच्या खुर्च्या, दारातून येणारा गार वारा, अंगावर सगळ्यांचे कोट. बाई दाराजवळच्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या, मांडीवर रीळ. त्यांच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. व्यवस्थापक नावाचा तरुण माणूस कागद वाचू लागला.

"तक्रार क्रमांक एक. मानसोपचारासाठी येणाऱ्या व्यक्ती लिफ्टचे दार वारंवार उघडे ठेवतात, त्यामुळे वृद्ध रहिवाशांना..."

"सहा मजले," पिएरिनाबाई म्हणाल्या. "लिहा, सहा."

"लिहिलंय, बाई. कोर्वालानबाई, आपल्याला यावर काही म्हणायचं आहे?"

"नाही," कोर्वालानबाई म्हणाल्या.

"ती काय म्हणणार," पिएरिनाबाई म्हणाल्या. "लोकांना बोलायला लावायचं आणि आपण गप्प बसायचं, हाच तर धंदा."

दोघे-तिघे हसले. बाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. एक शब्द बोलल्या असत्या तर पुरे होते. उभ्या राहून माझ्याकडे बोट दाखवायला हवे होते. त्या दाखवणार नाहीत हे मला कळले आणि मला त्यांचा इतका संताप आला की मी उठून उभा राहिलो. मी सभेत कधी उठलो नव्हतो. खुर्ची मागे पडली.

"ते दार मी उघडं ठेवतो," मी म्हणालो.

"काय म्हणतोस, राजा?" पिएरिनाबाईंनी कानामागे हात धरला.

"दार. पेशंट नाही, मी. मुद्दाम. बावीस वर्षं."

व्यवस्थापकाने कागदावरून मान वर केली. मागे भिंतीशी उभा असलेला सिरिलो आपल्या बुटांकडे पाहत होता.

"मार्चमध्ये?" पिएरिनाबाईंनी विचारले. आवाज पहिल्यांदाच लहान होता.

"मार्चमध्येही. बहुतेक मीच."

"मी दोनदा बसले. पायरीवर."

"हो. तुम्ही सांगितलंत."

"आणि माझा पास्ताफ्रोला खाल्लास."

"हो," मी म्हणालो.

मत घेतले गेले. मी हात वर केला नाही, आणि पुन्हा कोणी विचारायला नको म्हणून "माझा विरोध आहे" असे मोठ्याने म्हणालो. सातच हात वर झाले, आणि त्यांतलेही दोन अर्धवट. ठराव पडला. मग लोक खुर्च्या मिटू लागले. माझी पडलेली खुर्ची कोणी उचलली नाही, ती मी उचलली.

हे मी बाईंवर उपकार म्हणून केले, असे कोणी समजू नये. एका लिफ्टचे खापर मी त्यांच्यावर बावीस वर्षे फोडले होते, दुसऱ्या लिफ्टचेही फोडायचे म्हणजे जरा जास्त झाले असते. एवढाच विचार होता. तोही तेव्हा इतका नीट सुचला नव्हता.

आता इमारतीत माझ्याशी फारसे कोणी बोलत नाही. सिरिलोने लिफ्टमध्ये 'दार नीट लावा' असा कागद चिकटवला, त्याखाली कोणीतरी पेनाने 'ति. म.' लिहिले. ति. म. म्हणजे तिसरा मजला, हे सगळ्यांना कळते. पिएरिनाबाई मला पाहिले की काठी जमिनीवर आपटतात आणि लिफ्टमध्ये एकट्याच जातात.

कोर्वालानबाईंनी आभार मानले नाहीत. सभेनंतर आठ-दहा दिवसांनी बाजारातून येताना लिफ्टमध्ये आम्ही एकत्र आलो. त्या पेशंटला सोडून वर निघाल्या होत्या, पुढचा आला नव्हता.

"शुभ दिवस," त्या म्हणाल्या.

दुसरा मजला गेला तेव्हा मी विचारले, "तुम्ही सांगितलं का नाही? दाराचं. तुम्हाला ठाऊक होतं."

"तुम्ही माझ्याकडे येत होतात."

"बावीस वर्षांपूर्वी."

"हो," बाई म्हणाल्या, जणू गेल्या गुरुवारी.

तिसरा आला. मी पिशवी घेऊन बाहेर पडलो आणि बाहेरचे दार ओढले, शेवटच्या बोटापर्यंत. खट्ट आवाज झाला. लिफ्ट हलली नाही. आतले दार त्यांनी लावायचे होते, आणि त्या ते हातात धरून उभ्या होत्या. दोन जाळ्यांमधून त्या माझ्याकडे पाहत होत्या. खालून कोणीतरी बटण दाबले. त्या तशाच उभ्या राहिल्या.

"मला तुमचा अजून राग येतो," मी म्हणालो.

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी दार ओढले आणि त्या वर गेल्या.